तक्रार पोहोचली, पुढे काय?

पावसाळ्यात सखल भागात पाणी साचले की शहरवासीय आता प्रथम मोबाइल हाती घेतो. छायाचित्र काढून, महापालिकेच्या अधिकृत खात्याचा उल्लेख करून ते समाजमाध्यमावर टाकतो. थोड्याच वेळात उत्तर येते, ‘आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठविण्यात आली आहे.’ त्यानंतर काय झाले, हे मात्र अनेकदा कळत नाही. नागरी स्वराज्य संस्थांनी समाजमाध्यमांचा वापर कसा करावा, या प्रश्नाचे मर्म या ‘पुढे काय’मध्येच आहे.

या संदर्भात स्पेनमधील एका छोट्या गावाचे उदाहरण बोधप्रद ठरावे. ग्रनाडा शहरालगतच्या ‘हून’ या सुमारे साडेतीन हजार वस्तीच्या गावाचे तत्कालीन महापौर होजे अंतोनिओ रोद्रिगेझ सालास यांनी गावाचा बराचसा कारभार ट्विटरवर आणला. नागरिकांनी नगरपालिकेत जाऊन आपल्या खात्याची ओळख पटवून द्यावी, असे आवाहन त्यांनी केले. पथदिवा बंद असल्याचे एखाद्याने रात्री कळविले, की महापौर सर्वांसमक्ष उत्तर देत आणि त्यात वीजतंत्र्याच्या खात्याचाही उल्लेख करीत. काम झाल्यावर वीजतंत्री दुरुस्त दिव्याचे छायाचित्र टाकीत असे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये या प्रयोगाची दखल घेतली. तक्रार कोणी केली, काम कोणाकडे गेले आणि ते कोणी पूर्ण केले, हे साऱ्या गावाला दिसत होते, हे या प्रयोगाच्या यशाचे रहस्य. सफाई कामगाराच्या श्रमांनाही त्यामुळे जाहीर दाद मिळू लागली.

मुंबईसारख्या महानगरात हाच कित्ता जसाच्या तसा गिरविणे शक्य नाही, हे उघड आहे. मात्र महानगराचाही एक लहान घटक असतो, तो म्हणजे विभाग कार्यालय. मुंबई महापालिकेने २०१९ मध्ये तेव्हाच्या २४ विभाग कार्यालयांची स्वतंत्र ट्विटर खाती सुरू केली. हे पाऊल योग्य दिशेचे होते. तरीही २०११ च्या जनगणनेनुसार एका विभागाची लोकसंख्या सरासरी पाच लाखांवर जाते. तेवढ्या लोकांना केवळ एका खात्याच्या सौजन्यपूर्ण उत्तरांनी समाधान लाभणार नाही.

त्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतील. प्रत्येक तक्रारीला क्रमांक, जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम आणि कामाची मुदत द्यावी. काम झाल्याचे छायाचित्र टाकल्याखेरीज आणि तक्रारदाराला विचारल्याखेरीज तक्रार ‘निकाली’ काढू नये. पाणीकपात, रस्ताबंदी यांची पूर्वसूचना सोप्या मराठीत आणि त्या वस्तीत बोलल्या जाणाऱ्या अन्य भाषांत द्यावी. आलेल्या, सुटलेल्या आणि प्रलंबित तक्रारींचा विभागवार हिशेब दरमहा जाहीर करावा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक संस्थांवर स्वयंप्रेरणेने माहिती प्रकट करण्याचे बंधन घातलेलेच आहे. समाजमाध्यम हे त्या बंधनाच्या पूर्ततेचे अत्यंत स्वस्त साधन आहे.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य न्यायाचे आहे. ज्याच्या हाती चांगला मोबाइल आणि ज्याचे अनुयायी अधिक, त्याच्या दारातला खड्डा आधी बुजणार असेल, तर ही सोय म्हणजे नवी वशिलेबाजीच ठरेल. झोपडपट्टीतील सार्वजनिक नळाला पाणी नसल्याची तक्रार घेऊन विभाग कार्यालयात आलेली वृद्धा, १९१६ या मदत क्रमांकावर फोन करणारा रहिवासी आणि समाजमाध्यमावर लिहिणारा तरुण या तिघांची नोंद एकाच नोंदवहीत व्हावी आणि निकड पाहूनच क्रम लागावा.

याही पलीकडे एक मर्यादा ध्यानात घ्यायला हवी. तक्रार करणारा नागरिक हा ग्राहक असतो. निर्णयात भाग घेणारा नागरिक हा मालक असतो. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याचा उपक्रम हाती घेतला, तो याच दुसऱ्या भूमिकेतून. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक ठरविल्या, त्यामागील हेतूही हाच. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर मुंबई महापालिकेचा कारभार प्रदीर्घ काळ प्रशासकाच्या हाती होता. त्या काळात नगरसेवक नसलेल्या मुंबईकराला खड्ड्याविषयी उत्तर देणारे खाते होते. परंतु प्रभागात आधी रस्ता व्हावा की दवाखाना, हा प्रश्न मांडण्यासाठी निवडून आलेल्या प्रतिनिधींचे सभागृह नव्हते.

समाजमाध्यम सभागृहाची जागा घेऊ शकत नाही. मात्र सभेची वेळ आणि विषयपत्रिका आधी घरोघरी पोहोचवू शकते, आणि सभेत काय ठरले ते नंतर सांगू शकते. तेवढे जरी नियमाने घडले, तरी ‘पुढे काय’ या प्रश्नाला नागरिकांना उत्तर मिळू लागेल.