पगार थांबवण्याआधी

बारामतीच्या बाजारात मी अर्ज लिहून देतो. इंदापूरकडची एखादी विधवा येते, म्हणते, "भाऊ, निराधारचा पगार थांबला." संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८०ची, आज विधवेला महिना दीड हजार. हयातीचा दाखला राहिला, की पैसे अडतात. सरकार देणारं झालं, तशी बंद करायची कळही त्याच्याच हातात आली.

१९७० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं न्यूयॉर्कच्या खटल्यात बजावलं: मदत तोडण्याआधी माणसाचं ऐका. आपल्याकडे १९८५ मध्ये मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात, हटवण्याआधी नोटीस आणि सुनावणी साधारणपणे हवीच, असं ठरलं. (हटवायची परवानगी मात्र मिळालीच!)

म्हणून सांगतो, तोंडी उत्तरावर घरी जाऊ नका. कारण लेखी मागा, अर्जाची पोच घ्या.