उपाशी पोटाची ओळख

मुंबईची गाडी बोरघाट चढून लोणावळ्याला येते आणि मावळ ओलांडून पुण्याला जाते. तेच रूळ पुढे दौंडच्या वाटेवर केडगावला पोचतात. आमच्या मावळात कुणी मला विचारलं, की ख्रिस्ती माणसांनी इथल्या अडल्यानडल्यांसाठी काय केलं, तर मी त्याला केडगावला जाऊन यायला सांगतो. पंडिता रमाबाईंची ‘मुक्ती’ ही संस्था तिथे आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत सुरू झालं, पुढे नगरला गेलं. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उभारलं. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्यानं १९७० साली जामखेडला काम सुरू केलं आणि खेड्यातल्या बायकांनाच आरोग्यसेविका केलं. या प्रत्येकावर स्वतंत्र लेख होईल. माझं मन मात्र केडगावात अडकलेलं आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे; संस्कृत त्यांना मुख्यतः आईनं शिकवलं. दक्षिणेतल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं, रमा आणि श्रीनिवास, अनवाणी देशभर फिरली. झेलमच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा दोघांनी वाळूत कबरीसारखे खड्डे केले, डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढली आणि रात्र काढली. रमाबाईंच्या आत्मकथनातला हा प्रसंग मी कितीदा वाचला असेन! पुढचं सारं काम मला तिथूनच उगवलेलं दिसतं.

पुढे रमाबाईंचं लग्न झालं. पतीच्या निधनानंतर त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परतल्यावर १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, १८९० मध्ये ते पुण्याला आणलं. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई झाली, सगळ्यांची बाया कर्वे. कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेच्या इतिहासात तिचं नाव आदरानं घेतलं जातं. त्याआधी तिला आसरा देणारं दार रमाबाईंचं होतं.

त्याच वर्षी सदनातल्या मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावर वादळ उठलं. ‘केसरी’नं टीका केली, हिंदू सल्लागारांनी अंग काढून घेतलं, अनेक पालकांनी मुली नेल्या. हा वाद झाकून रमाबाईंविषयी लिहू नये. पालकांची काळजी समजण्याजोगी होती, पण ज्या विधवेला घरात जागा नव्हती तिला जागा देणारे तेव्हा फार थोडे होते, हेही तितकंच खरं.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. पैसे पाठवून मोकळं होता आलं असतं, पण बाई स्वतः गेल्या. खंगलेल्या, आजारी, टाकून दिलेल्या मुली आणि विधवा, सुमारे ३०० जणी, त्यांनी आणल्या. प्लेगमुळे पुण्यात इतक्या जणींना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर तंबू-झोपड्यांत संसार मांडला. १९००च्या दुष्काळात गुजरातकडूनही मुली आल्या आणि मुक्तीचा परिवार २,०००च्या घरात गेला.

एवढ्या जणींना नुसतं जेवू घालून भागत नाही. मुक्तीत शेती, विणकाम, शिवण, तेलघाणा, छापखाना असे उद्योग उभे राहिले आणि ते बायकांनीच चालवले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होतं. अंध मुलींना रमाबाईंची लेक मनोरमा ब्रेल शिकवी. मला हा कोपरा सगळ्यात मोठा वाटतो: ज्या मुलीला गावानं ओझं मानलं, तिच्या हाती लिपी देणं. मनोरमा १९२१ मध्ये गेली. तरीही रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून चालवलेलं बायबलचं सोपं मराठी भाषांतर पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला.

केडगावला गेलो की आवारातून हिंडताना एकच विचार येतो. दया पुष्कळांना येते. उपाशी माणसाला आपल्या घरी आणून आयुष्यभर त्याची जबाबदारी घेणारे विरळा. रमाबाईंना उपाशी पोटाची ओळख होती, आणि ती त्या कधी विसरल्या नाहीत.

मुक्ती मिशन आजही चालू आहे. लोणावळ्याला फिरायला येणाऱ्यांनी एक दिवस राखून ठेवावा, पुण्याहून दौंडची गाडी धरावी आणि केडगावला उतरावं.