स्वयंचलित वाहनांतील बिनतारी संदेशांची विश्वासार्हता

उल्हासनगर व अंबरनाथमधून जाणाऱ्या कल्याण-बदलापूर रस्त्यावर उद्या चालकविरहित वाहने धावू लागली, तर पुढील वाहनाचा ‘ब्रेक लावला’ हा संदेश गुप्त ठेवून चालणार नाही. तो सर्वांनी ऐकावा यासाठीच असतो. प्रश्न आहे तो संदेश कोणाचा व केव्हाचा, हा. ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडमध्ये रेडिओवरील ठरावीक स्वरांची नक्कल करून सुमारे २० रेल्वेगाड्या थांबविल्या गेल्या. प्रेषकाची ओळख तपासण्याची सोयच तेथे नव्हती. वाहनांच्या संदेशास म्हणूनच अंकीय स्वाक्षरी व वेळेची नोंद जोडतात. जुना संदेश पुन्हा प्रक्षेपित केल्यास वेळेवरून तो नाकारता येतो. मात्र एकच प्रमाणपत्र कायम वापरल्यास वाहनाचा माग काढता येतो. ते वारंवार बदलावे लागते. आणि अधिकृत स्वाक्षरीचे वाहनच खोटे सांगू लागले तर? तेव्हा रडार व कॅमेऱ्याची साक्ष घ्यावी लागते.