‘पाळी’ म्हणजे नेमकी कोणाची?

टेबलाभोवती पाच जण बसले आहेत. मधोमध कागदावर रेखाटलेला एका तळघराचा नकाशा, शेजारी रंगीबेरंगी फासे आणि प्रत्येकापुढे आपापल्या पात्राची नोंद असलेला कागद. त्यांपैकी एकाचे पात्र चोरपावलांनी वावरणारे, अचूक घाव घालणारे ठग आहे. आपल्या पाळीत त्याने शत्रूवर ‘छुपा हल्ला’ करून जादा फासे टाकले आहेत. पुढे शत्रूची पाळी येते. शत्रू त्याच्यापासून दूर पळू लागतो आणि निसटत्या शत्रूवर नियमानुसार मिळणारा एक वार ठगाच्या वाट्याला येतो. वार लागतो. खेळाडू पुन्हा जादा फाशांकडे हात नेतो आणि तेवढ्यात समोरून आक्षेप येतो : हे फासे एकदा टाकून झाले आहेत, पुन्हा कसे?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ खेळणाऱ्या असंख्य टेबलांवर हा प्रसंग घडला आहे. घरातील तरुण मुले तासन्‌तास ज्या खेळात रमतात, त्यात केवळ राक्षस आणि जादू आहे, असे वडीलधाऱ्यांना वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात त्या टेबलावर आणखी एक गोष्ट सतत चाललेली असते, ती म्हणजे लिखित शब्दाचा अर्थ लावणे. सौदा, करार आणि दिलेला शब्द यांवर ज्यांचा व्यवहार उभा आहे, त्यांना हा वाद मुळीच परका वाटणार नाही.

ठगाच्या बाबतीत 2014 च्या नियमपुस्तकातील शब्द असे आहेत की, जादा फासे ‘एका पाळीत एकदा’ टाकता येतात. या खेळात ‘फेरी’ आणि ‘पाळी’ या दोन वेगळ्या संज्ञा आहेत. सुमारे 6 सेकंदांच्या एका फेरीत लढाईतील प्रत्येकाला एकेक पाळी मिळते. नियमाने ‘फेरीत एकदा’ म्हटलेले नाही आणि ‘स्वतःच्या पाळीत’ असेही म्हटलेले नाही. त्यामुळे शत्रूच्या पाळीत संधी मिळाली आणि हल्ल्याच्या इतर अटी पूर्ण होत असल्या, उदाहरणार्थ शत्रूच्या अगदी लगत ठगाचा साथीदार उभा असला, तर जादा फासे पुन्हा टाकता येतात. प्रकाशकांच्या अधिकृत खुलाशातही हाच अर्थ मान्य झाला आहे. दुसऱ्याच्या पाळीत असा प्रतिसाद एका फेरीत एकदाच देता येत असल्याने ही सवलत अमर्याद होत नाही. तरीही पाचव्या पातळीच्या ठगाला प्रत्येक वेळी तीन फासे, म्हणजे सरासरी साडेदहा गुणांची भर मिळते. एका शब्दाची किंमत एवढी असते.

असे वाद या खेळाच्या जन्मापासूनच आहेत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावी राहणारे गॅरी गायगॅक्स आणि त्यांचे सहकारी डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये हा खेळ तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला. गायगॅक्स यांनी पूर्वी विमा व्यवसायात जोखीम पारखण्याचे काम केले होते. पण त्यांच्या पहिल्या पुस्तिका मात्र विम्याच्या कागदासारख्या काटेकोर नव्हत्या. अनेक गोष्टी वाचकाने गृहीत धराव्यात, अशी त्यांची अपेक्षा होती. परिणामी गावोगावी एकच नियम निरनिराळ्या रीतीने खेळला जाऊ लागला. 1979 मध्ये ‘ड्रॅगन’ या मासिकात वाचकांच्या नियमविषयक शंकांना उत्तरे देणारे ‘सेज अॅडव्हाइस’ हे सदर सुरू झाले आणि पुढील कित्येक दशके ते या ना त्या रूपात चालत राहिले.

या दीर्घ अनुभवातून अर्थनिर्णयाच्या तीन दृष्टी पुढे आल्या. पहिली, शब्दात काय लिहिले आहे. दुसरी, लिहिणाऱ्याच्या मनात काय होते. तिसरी, टेबलावरील मंडळींचा आनंद कशात आहे. यांच्या जोडीला पुस्तकातच एक सूत्र दिलेले आहे : विशेष नियम सामान्य नियमावर मात करतो. संस्कृत व्याकरणात उत्सर्ग आणि अपवाद यांचा जो संबंध मानला जातो, तोच येथे आहे.

या तिन्ही दृष्टींचे उत्तर प्रत्येक वेळी एकच येते असे नाही. पॅलाडिन या धर्मयोद्ध्याला शस्त्राच्या घावासोबत दिव्य तेजाचा आघात करता येतो. शस्त्र हाती नसेल आणि त्याने नुसता ठोसा मारला तर? ठोसा हा नियमांच्या परिभाषेत ‘जवळच्या शस्त्रहल्ल्यां’त मोडतो; पण दिव्य आघाताच्या वाक्यात ‘शस्त्राच्या हानी’चाही उल्लेख आहे आणि मूठ हे शस्त्र नव्हे. अधिकृत खुलाशाने ठोशाला नकार दिला. मात्र त्याच खुलाशात हेही सांगितले की, ही मर्यादा पॅलाडिनच्या परंपरागत प्रतिमेसाठी आहे, खेळाच्या समतोलासाठी नाही. एखाद्या संचालकाने ठोशाला परवानगी दिली तरी काही बिघडत नाही. 2024 च्या सुधारित पुस्तकात ठोशाला उघड मान्यता मिळाली.

अदृश्यतेचे उदाहरण याहून बोलके आहे. 2014 च्या शब्दांनुसार अदृश्य व्यक्तीवर वार करणे कठीण होते. आता एखाद्या जादूगाराने मंत्राच्या बळावर तिला स्पष्ट पाहिले तरी, नियम शब्दशः वाचल्यास ही अडचण कायम राहत असे. कारण ‘दिसत असल्यास अडचण नाही’ असे कोठेही लिहिलेले नव्हते. डोळ्यांसमोर उभा असलेला माणूस दिसूनही न दिसल्यासारखा! 2024 मध्ये ही त्रुटी दूर झाली. शब्दाला चिकटून राहिल्याने नेहमीच न्याय होतो असे नाही, हे यातून कळते.

मग निर्णय कोणी करावा? खेळाच्या रचनेत तो अधिकार ‘डंजन मास्टर’ या संचालकाला आहे. पण अधिकार आहे म्हणून निर्णय पटतोच असे नाही. एखाद्या खेळाडूने वर्षभर जपलेले पात्र त्या निर्णयाने मरू शकते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मैत्रीत कटुता येऊ शकते. म्हणून जाणते संचालक काही पथ्ये पाळतात. वाद निघताच नियमाचे वाक्य सर्वांना ऐकू जाईल असे मोठ्याने वाचतात. निष्कर्ष लवकर लागत नसेल तर त्या दिवसापुरता तात्पुरता निर्णय देतात, त्याची नोंद ठेवतात आणि खेळ संपल्यावर शांतपणे पुस्तक पाहतात. निर्णय बदलावा लागला तर तो पुढच्या खेळापासून लागू करतात, झालेला डाव उकरीत नाहीत. आणि खेळाडूला दिलेला अर्थ शत्रूच्या पात्रांनाही तितक्याच प्रामाणिकपणे लावतात. माप दोन्हीकडे एकच.

खेळाडूचेही कर्तव्य आहे. एखाद्या संदिग्ध शब्दावर आपले सारे पात्र उभारायचे असेल, तर ती शंका ऐन लढाईत नव्हे, तर पात्र घडवतानाच विचारावी. व्यवहारात कलमाचा अर्थ सही करण्यापूर्वी विचारतात, माल उतरल्यावर नव्हे. पळवाट गुपचूप जपून ठेवणारा खेळाडू एखादा डाव जिंकेलही, पण पुढच्या वेळी त्याचा प्रत्येक शब्द तपासून घेतला जाईल.

त्या पहिल्या टेबलावर अखेरीस पुस्तक उघडले जाते, ‘पाळी’ हा शब्द वाचला जातो आणि ठगाला त्याचे फासे मिळतात. आक्षेप घेणारा खेळाडू मान डोलावतो; कारण उद्या असाच वार एखाद्या शत्रूने त्यांच्यावर केला, तरी शब्दाचा अर्थ हाच राहील याची त्याला खात्री पटलेली असते.