‘अनलेस’च्या पोटातला ‘नाही’

मागे एकदा दुसरबीडच्या स्टँडवर ओळखीच्या एका शेतकऱ्याने मला इंग्रजी पत्र दाखवलं. पत्र पीककर्जाचं होतं. दहावीतल्या नातवाने त्याचा अर्थ लावला होता, ‘३१ मार्चपर्यंत हप्ता भरला तर कारवाई होईल.’ म्हणून म्हातारा सोयाबीनचे पैसे खिशात घेऊन नुसताच हिंडत होता. भरावे तर कारवाई!

पत्रातला शब्द होता ‘अनलेस’. मी म्हटलं, “बाबा, हप्ता भरला नाही तर कारवाई, असं आहे ते.” नातू म्हणाला, “पण चाचा, त्यात ‘नॉट’ कुठंच नाही!”

पोराचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्याकडे नकार उघड असतो. ‘पाऊस पडला नाही तर पेरणी नाही.’ इंग्रजीतही ‘इफ’ला ‘नॉट’ची सोबत लागते. ‘अनलेस’ मात्र एकट्याने दोघांचं काम करतो. ‘नाही’ त्याच्या पोटातच असतो. गंमत म्हणजे त्यातला ‘अन’ हा ‘अनहॅपी’तला नकाराचा ‘अन’ नव्हेच. मध्ययुगीन इंग्रजीत ‘ऑन लेस’ अशी शब्दांची जोडी होती. अर्थ साधारण असा, की ‘याहून कमी अटीवर’. बोलताना ‘ऑन’वर जोर पडेना, तेव्हा त्याचा ‘अन’ झाला.

काही मुलं नेमकी उलटी चुकतात. ‘तू येत नाहीस तोवर मी जेवणार नाही’ हे आईचं वाक्य इंग्रजीत नेताना दोन्ही ‘नाही’ नेतात आणि वर ‘अनलेस’ही घालतात. मग आई म्हणते, तू आला नाहीस तरच मी जेवेन!

अटीचे शब्द असे फसवेच. मराठीत ‘जर’ गाळला तरी भागतं, ‘तर’ राहतो. इंग्रजीत ‘इफ’ राहतो आणि ‘देन’ गळतो. आमच्या घरात ‘अगर’ म्हणजे ‘जर’. शाळेच्या फॉर्मवर ‘वडील अगर पालक यांची सही’ वाचून मी बुचकळ्यात पडलो होतो. वडील जर पालक असतील तर? फारसीतला तोच शब्द मराठीत ‘किंवा’ होऊन बसलाय, हे पुढे मास्तरांनी सांगितलं.

तर त्या दिवशी मी नातवाला पत्राच्या पाठीवर ‘अनलेस’ऐवजी ‘इफ’ आणि ‘नॉट’ घालून तेच वाक्य लिहायला लावलं. लिहून झालं तसं त्याने आजोबांकडे पाहिलं. म्हातारा उठलाच होता.

“आज तारीख किती रे?”

“अठ्ठावीस.”