याकच्या पोटातील अदृश्य सोबती



लडाखच्या आग्नेय भागात चांगथांग नावाचे पठार आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ४,००० मीटरांहून अधिक आहे. तेथील चांगपा हे भटके पशुपालक याक, मेंढ्या आणि पश्मिना देणाऱ्या शेळ्या यांच्यावर निर्वाह करतात. हिवाळ्यात पारा शून्याखाली ३० अंशांपर्यंत उतरतो आणि कुरणात केवळ वाळलेल्या काड्या उरतात. त्या काड्यांवर याक जगतो. परंतु एकट्याच्या बळावर नव्हे.

त्याच्या चार कप्प्यांच्या पोटातील सर्वांत मोठ्या कप्प्यास कोठीपोट म्हणतात. तेथील असंख्य जीवाणू, आदिजीव आणि बुरशी गवतातील चिवट तंतू आंबवून मेदाम्ले तयार करतात. रवंथ करणाऱ्या प्राण्याला सुमारे ७० टक्के ऊर्जा या आम्लांतूनच मिळते. पुढे हेच सूक्ष्मजीव अन्नाबरोबर चौथ्या पोटात येतात, तेथील तीव्र आम्लात मरतात आणि प्रथिनांच्या रूपाने जनावराचे पोषण करतात. तिबेटी पठारावरील याकचे सूक्ष्मजीव सखल प्रदेशातील गुरांच्या सूक्ष्मजीवांपेक्षा अधिक मेदाम्ले व कमी मिथेन निर्माण करतात, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले.

जंत या सहजीवनाचाच भंग करतो. थंड प्रदेशांत आढळणारा ऑस्टरटॅजिया हा जंत चौथ्या पोटाच्या ग्रंथींत वाढतो आणि आम्ल स्रवणाऱ्या पेशी निकामी करतो. एरवी २ ते ३ असणारा तेथील सामू ७ च्या जवळ जाऊ शकतो. मग प्रथिने नीट पचत नाहीत आणि जे जीवाणू आम्लात मरावयाचे, ते जगून वाढू लागतात. जनावराची भूक मंदावते. कोठीपोटात चारा कमी पोहोचतो आणि तेथील सूक्ष्मजीवही उपाशी राहतात. आयमेरिया हा परजीवी लहान करडांच्या आतड्याचे अस्तर फाडतो. त्या जखमांतून अपायकारक जीवाणूंना वाव मिळतो.

ऑस्टरटॅजियाच्या अळ्या हिवाळाभर पोटात सुप्त राहून वसंतात एकदम वाढू शकतात. नेमके त्याच वेळी जनावर उपासमारीने सर्वाधिक खंगलेले असते. उन्हाळ्यात झालेली बाधा अशी हिवाळ्याच्या अखेरीस जीवावर बेतते.

म्हणून सरसकट औषध पाजणे हा उपाय नव्हे. त्याने औषधाला न जुमानणारे जंत निपजतात. शेण व लेंड्यांची तपासणी, योग्य वेळी योग्य मात्रा, कुरणांची पालट आणि हिवाळ्यासाठी राखलेला चारा ही खरी चतुःसूत्री होय. पशुपालक जनावराला चारा घालतो, तेव्हा तो डोळ्यांना न दिसणाऱ्या कोट्यवधी जिवांनाही घास भरवीत असतो. त्यांचे क्षेम राखले, तरच कळप वसंत पाहतो.