पोलिसाचं लायसन्स कोण काढून घेतं?

कॅलिफोर्नियात न्हाव्याचं लायसन्स काढायचं तर १००० तासांचं सरकारमान्य शिक्षण लागतं. कमरेला पिस्तूल लावून रस्त्यावर उतरायचं तर किमान ६६४ तास पुरतात. न्हाव्यांचे तास २०२१ पर्यंत १५०० होते. ते घटवले, तरी पोलिसांचा आकडा खालीच राहिला. पोलिसांच्या बाजूने एवढं सांगायला हवं, की ६६४ ही तळाची रेघ आहे. बऱ्याच अकादम्या त्याहून पुष्कळ जास्त शिकवतात आणि पुढे किमान दहा आठवडे अनुभवी जोडीदारासोबत गस्तीचं प्रशिक्षण असतं. पण रेघ ती रेघच.

ही रेघ मारणारी संस्था म्हणजे ‘कमिशन ऑन पीस ऑफिसर स्टँडर्ड्स अँड ट्रेनिंग’. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? सगळे तिला ‘पोस्ट’ म्हणतात. कॅलिफोर्नियाने ती १९५९ मध्ये काढली आणि हळूहळू जवळपास प्रत्येक राज्यात तिची भावंडं जन्माला आली. कुठे तिचं नाव बोर्ड, कुठे कौन्सिल, कुठे कमिशन. काम तेच: पोलीस कोणाला होता येईल, त्याने काय शिकायचं आणि त्याला कोणता कागद द्यायचा, हे ठरवणं. कागद परत घ्यायचा का, हा प्रश्न मात्र अनेक वर्षं कोणी विचारतच नव्हतं. खरी गंमत तिथेच आहे, तिच्याकडे येऊच.

अठरा हजार पोलीस खाती

गडचिरोलीचा शिपाई आणि कोल्हापूरचा शिपाई एकाच महासंचालकांच्या हाताखाली असतात. अमेरिकेत तसं नाही. तिथे सुमारे १८ हजार स्वतंत्र पोलीस यंत्रणा आहेत. शहराचे पोलीस वेगळे, काउंटीच्या शेरीफचे वेगळे, राज्याचे वेगळे, विद्यापीठाचे वेगळे, रेल्वेचेही वेगळे. तीन-चार माणसांचं ठाणं असलेलं गावही स्वतः भरती करतं आणि स्वतः हाकलतं. या पसाऱ्यावर राज्यभर निदान एक मोजपट्टी असावी, म्हणून हे आयोग.

सिग्नल तोडणाऱ्यांचे आभार

नव्या आयोगाला पैसा कुठून आणायचा? कॅलिफोर्नियाने सोपी युक्ती केली. गुन्ह्यांच्या आणि वाहतुकीच्या दंडावर वरून थोडी रक्कम आकारायची आणि ती पोलीस प्रशिक्षण निधीत टाकायची. म्हणजे सुसाट गाडी हाकणाऱ्याने दंड भरला, की त्यातल्या काही डॉलरांवर पुढचा पोलीस शिकणार. अनेक दशकं आयोगाचा संसार मुख्यतः याच पैशावर चालला. लोक नीट गाडी चालवायला लागले असते, तर पोलिसांच्या शाळेचीच पंचाईत झाली असती.

पाऊणशे किलोचा पाहुणा

आपल्या पोलीस भरतीत मुलं १६०० मीटर धावतात आणि गोळा फेकतात. कॅलिफोर्नियाच्या अकादमीत पोस्टने आखून दिलेली एक परीक्षा आहे, तिच्यात पळतच पळत असं बरंच काही करावं लागतं. ९९ यार्डांची अडथळ्यांची धाव, सहा फुटी जाळीचं कुंपण, सहा फुटी सपाट भिंत आणि शेवटी ५०० यार्डांची दौड. मधेच माणसाच्या वजनाचा, १६५ पौंडांचा म्हणजे जवळपास ७५ किलोचा पुतळा उचलून ३२ फूट ओढत न्यायचा. जखमी सहकाऱ्याला गोळीबारातून बाहेर काढता यावं, हा हेतू. पुतळा बिचारा हातपाय हलवून मदतही करत नाही.

शरीरापेक्षा घाम काढणारी गोष्ट म्हणजे चारित्र्य पडताळणी. उमेदवार एक भलामोठा फॉर्म भरतो: नातेवाईक, आजवरची घरं, आजवरच्या नोकऱ्या, कर्जं, वाहतुकीचे दंड, सगळं. मग तपास अधिकारी जुन्या साहेबांना आणि शेजाऱ्यांना गाठून खातरजमा करतो. आपल्याकडे स्थळ आलं की पूर्वी मामा-काका जशी चौकशी करायचे, त्याची ही सरकारी आवृत्ती. त्यावर वैद्यकीय तपासणी आणि मानसिक चाचणी. २०२२ पासून वयाची अटही १८ वरून २१ वर गेली आहे.

फार हुशार? मग नको

हा किस्सा आयोगाचा नाही, पण भरतीच्या निकषांचा विषय निघाला की तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. कनेक्टिकट राज्यातलं न्यू लंडन शहर. १९९६ मध्ये एका उमेदवाराने भरतीची बुद्धिमापन चाचणी दिली आणि ५० पैकी ३३ गुण मिळवले. शहराने त्याला मुलाखतीलाच बोलावलं नाही. कारण? गुण जास्त पडले! मुलाखतीसाठी २० ते २७ गुणांचा पट्टा ठरवलेला होता. फार बुद्धिमान माणूस या कामाला कंटाळतो, प्रशिक्षणाचा खर्च झाल्यावर सोडून जातो, असा शहराचा हिशेब. गडी कोर्टात गेला. २००० मध्ये संघीय अपील न्यायालयानेही शहराचंच ऐकलं. धोरण शहाणपणाचं नसेलही, पण सगळ्या हुशारांना सारखंच लागू आहे, मग भेदभाव कसला, हा निकालाचा मथितार्थ. असा निकाल वाचून हसावं की काय करावं, ते वाचकांवर सोपवतो.

कागद दिला, पण परत घेता येईना

आता मुख्य मुद्दा. वकिलाची सनद काढून घेता येते, डॉक्टरची नोंदणी रद्द होते. पोलिसाचं काय? न्यू मेक्सिकोने १९६० मध्ये सगळ्यात आधी हा अधिकार आपल्या मंडळाला दिला. आयोग काढण्यात पहिल्या रांगेत असलेल्या कॅलिफोर्नियाला मात्र तिथवर पोचायला २०२१ उजाडलं. तोवर हवाई, न्यू जर्सी, ऱ्होड आयलंड आणि कॅलिफोर्निया एवढीच राज्यं मागे उरली होती. म्हणजे देशातलं सर्वाधिक लोकसंख्येचं, स्वतःला पुरोगामी म्हणवणारं राज्य या बाबतीत शेवटच्या बाकावर.

त्याचा परिणाम असा, की एका गावाने हाकललेला पोलीस शेजारच्या गावात अर्ज करी आणि पुन्हा गणवेश चढवी. अशा अधिकाऱ्यांना अभ्यासकांनी ‘भटके अधिकारी’ असं नावच पाडलं. बेन ग्रुनवाल्ड आणि जॉन रॅपपोर्ट या दोन कायद्याच्या प्राध्यापकांनी फ्लोरिडातल्या सुमारे ५०० यंत्रणांच्या आणि ९८ हजार अधिकाऱ्यांच्या तीस वर्षांच्या नोंदी उपसल्या. त्यांचा अभ्यास २०२० मध्ये येल लॉ जर्नलमध्ये छापून आला. कुठलंही वर्ष घ्या, आधी कुठेतरी बडतर्फ झालेले सरासरी ११०० अधिकारी फ्लोरिडात नोकरीवर हजर. म्हणजे शंभरात जवळपास तीन. आणि ते पुन्हा बडतर्फ होण्याची शक्यता नवख्यांपेक्षाही जास्त. बरं, फ्लोरिडात प्रमाणपत्र रद्द करण्याची सोय होती, तरी ही अवस्था!

छोटी गावं त्यांना का घेतात, याचं उत्तर नैतिक कमी आणि आर्थिक जास्त आहे. नवा मुलगा घेतला तर त्याला शिकवायचा खर्च; हा तर शिकून आलेला, उद्यापासून कामाला. तिजोरीत खडखडाट असलेल्या गावाने जुन्या साहेबाला फोन लावून फार खोदून विचारलं नाही, तर नवल नाही. आणि जुन्या साहेबालाही कोर्टकचेरीची भीती. ‘गेला ना, सुटलो’ म्हणून तोही गप्प. म्हणूनच प्रमाणपत्र रद्द झालेल्यांची एक देशव्यापी यादी आहे, ‘नॅशनल डीसर्टिफिकेशन इंडेक्स’. ती सरकार चालवत नाही. आयोगांच्या संचालकांची संघटना चालवते.

कॅलिफोर्नियात वारं फिरायला पत्रकारांचाही हात लागला. बर्कली विद्यापीठातल्या शोधपत्रकारांनी माहितीचा अर्ज टाकला आणि पोस्टने त्यांना एक यादी पाठवली. मागच्या दहा वर्षांत गुन्ह्यात दोषी ठरलेल्या जवळपास १२ हजार नावांची! त्यात आजी-माजी पोलीस होते, नोकरीसाठी अर्ज केलेलेही होते. २०१९ च्या सुरुवातीला राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने पत्रकारांना कळवलं, की ही यादी जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, नष्ट करा. सरकारने स्वतःच्या हाताने दिलेला कागद, आणि तो ठेवणारा गुन्हेगार! पत्रकारांनी यादी नष्ट केली नाही. अनेक वृत्तसंस्था एकत्र आल्या, नावांची छाननी झाली आणि वर्ष संपायच्या आत मालिका छापून आली.

मग ३० सप्टेंबर २०२१ ला गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी गार्डेना शहरात कायद्यावर सही केली. त्याला केनेथ रॉस ज्युनियर या तरुणाचं नाव आहे. २०१८ मध्ये याच शहरात तो पोलिसांच्या गोळीने मेला होता. १ जानेवारी २०२३ पासून पोस्टच्या हाती प्रमाणपत्र रद्द करण्याची कात्री आली.

टोळीबाज? तेही पोलीस?

या कायद्याखाली ‘गंभीर गैरवर्तना’चे नऊ प्रकार मोजले जातात. खोटेपणा, सत्तेचा गैरवापर, मारहाण, लैंगिक अत्याचार, पूर्वग्रह, हे अपेक्षितच. पण दोन वाचून भुवया वर जातात. एक, समोर सहकारी अतिरेकी बळ वापरत असताना त्याला न अडवणं. म्हणजे ‘मी फक्त उभा होतो’ ही सबब बाद. दुसरा, ‘पोलिसांच्या टोळी’त सामील होणं. हे कपोलकल्पित नाही. लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्यात अशा गटांची जुनी परंपरा आहे, बँडिटोस, एक्झिक्युशनर्स, व्हायकिंग्ज अशी त्यांची नावं, आणि पायावर एकसारखं गोंदण. चोर कोण, शिपाई कोण, हे गोंदण बघून तरी ठरवता येणार नाही.

आणखी एक पळवाट बुजवली आहे. चौकशी सुरू झाली, की ‘घ्या तुमचं प्रमाणपत्र’ म्हणून ते स्वखुशीने परत करता येतं, पण एकदा दिलं की ते रद्द झाल्यातच जमा. पुन्हा मागायला यायचं नाही.

या प्रकरणांवर आयोगाला शिफारस करणारं नऊ जणांचं सल्लागार मंडळ आहे. त्यात पोलीस फक्त दोन. आणि दोन जागा अशा लोकांसाठी राखून ठेवलेल्या, ज्यांच्यावर पोलिसांनी बेकायदा जीवघेणं बळ वापरलं किंवा ज्यांच्या घरातलं माणूस त्यात गेलं. न्याय करणाऱ्यांच्या रांगेत ज्याचं जळलं त्याला बसवणं मला पटतं. पोलीस संघटनांना ते अजिबात पटलेलं नव्हतं.

कुलकर्णींचा नंबर दुसऱ्या वर्षी

मॅसॅच्युसेट्समध्ये आयोगाचा कायदा २०२० च्या अगदी शेवटच्या दिवशी सही होऊन आला. आधी तिथे राज्यपातळीवर पोलिसाला लायसन्स असा प्रकारच नव्हता. आता आहे, आणि तेही तीन वर्षांचं. मुदत संपली की नव्याने घ्या. पण वीस हजारांच्या आसपास पोलिसांची तपासणी एकदम कशी करायची? उत्तर शाळेच्या हजेरीपटातून आलं: आडनावाच्या पहिल्या अक्षराने. इंग्रजी ए ते एच २०२२ मध्ये, आय ते पी २०२३ मध्ये, क्यू ते झेड २०२४ मध्ये. तिथे मराठी पोलीस असते, तर चव्हाण आणि देशपांडे पहिल्या वर्षी कागद जमवत बसले असते, जोशी, कुलकर्णी, पाटील दुसऱ्या वर्षी; आणि शिंदे, वाघमारे दोन वर्षं निवांत गंमत बघत राहिले असते.

प्रश्नावलीवर मात्र रण पेटलं. गेल्या पाच वर्षांत सोशल मीडियावर वगैरे पूर्वग्रहाचं वाटेल असं काही टाकलंत का, असा एक प्रश्न होता. संघटना थेट कोर्टात. या नऊ जणांच्या आयोगातही पोलिसांचं बहुमत नाही. सुरुवातीच्या अध्यक्ष मार्गारेट हिंकल या निवृत्त न्यायाधीश.

नाव नको, प्रताप सांगा

अ‍ॅरिझोनाचं मंडळ ‘इंटेग्रिटी बुलेटिन’ नावाचं पत्रक काढतं. मंडळापुढे आलेली प्रकरणं त्यात छापतात. काय केलं, काय शिक्षा झाली, सगळं. फक्त नाव गाळलेलं. पोलिसांनी ते एकत्र बसून वाचावं, चर्चा करावी, हा हेतू. मला ही कल्पना फार आवडली. नीतिमत्तेवरचं तासाभराचं व्याख्यान कोण ऐकतो? सहकाऱ्याची फजिती मात्र सगळे कान देऊन ऐकतात.

ओरेगॉनचं खातं तर घाऊक दुकान आहे. पोलीस, तुरुंगरक्षक, अग्निशामक, आणीबाणीचे फोन उचलणारे, खासगी सुरक्षारक्षक, खासगी गुप्तहेर, खोटं पकडणाऱ्या यंत्राचे चालक, सगळ्यांचे परवाने एकाच छपराखाली.

आणि आपण?

आपल्याकडे पोलिसाला लायसन्स नाही, नेमणूक आहे. पोलीस सुधारणांच्या प्रकाशसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ ला सात आदेश दिले; त्यात राज्य सुरक्षा आयोग आणि पोलीस तक्रार प्राधिकरण होतं. गोव्याने प्राधिकरण २००७ मध्येच नेमलं; महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. सुरक्षा आयोग आणि प्राधिकरण, दोन्ही ‘पोस्ट’हून वेगळ्या धाटणीच्या संस्था आहेत. भटक्या अधिकाऱ्याचा प्रश्न आपल्याकडे त्या रूपात येत नाही, कारण खातंच एक. भटकायला दुसरं गाव नाही.

तुमची मुलगी बोस्टनला किंवा मुलगा बे एरियात असेल, तर त्यांना एवढं जरूर सांगा: कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्स या दोन्ही राज्यांचे आयोग कारवाई झालेल्या पोलिसांची नावं आपल्या संकेतस्थळावर टाकतात आणि सामान्य माणसाची तक्रार थेट घेतात. त्यासाठी आधी त्या पोलिसाच्याच ठाण्याची पायरी चढावी लागत नाही.